ग्लेंडा जॅक्सन कोणाच्या पैशावर घडल्या?

१५ जून २०२३ रोजी ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन लंडनमधल्या ब्लॅकहीथ येथील राहत्या घरी वारल्या, तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते. त्यांच्याविषयी त्या दिवसांत जे लिहिले-बोलले गेले त्याचा साचा ओळखीचा होता. गवंड्याची मुलगी, औषधांच्या दुकानातली विक्रेती, पुढे दोन ऑस्कर, मग तेवीस वर्षे खासदारकी, आणि सारे आटोपले असे वाटत असताना ऐंशीव्या वर्षी रंगमंचावर राजा लिअर. अशा जीवनकथेतून वाचकाने कोणता बोध घ्यायचा हे सांगावे लागत नाही. अंगी जिद्द असली की माणूस कुठूनही कुठेही पोचतो, हा तो बोध. यातली एकही घटना खोटी नाही. बोध मात्र माझ्या मते चुकीचा आहे, आणि जॅक्सनबाईंनी आयुष्याची तेवीस वर्षे ज्या राजकारणाला दिली त्याच्या तर तो थेट विरोधात जातो. जिद्द त्यांच्याकडे होतीच. पण तिला वाव मिळाला तो फुकट शाळेमुळे, शिष्यवृत्तीमुळे, अनुदानित रंगभूमीमुळे आणि परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीमुळे. म्हणजे लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका व्यवस्थेमुळे. नाट्यकलेवर सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद ब्रिटनमध्ये दर अर्थसंकल्पाला नव्याने पेटतो, आणि त्या वादात एखाद्या अहवालापेक्षा या एका बाईंचे आयुष्य मला अधिक बोलके वाटते.

दोन जन्म शेजारी ठेवून पाहावेत. १९३७ सालच्या जानेवारीत लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात 'हॅम्लेट'चा प्रयोग संपल्यावर लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रंगमंचावरूनच प्रेक्षकांना सांगितले, की लेआर्टिसला मुलगी झाली आहे आणि एका थोर अभिनेत्रीचा आज जन्म झाला आहे. लेआर्टिसची भूमिका करणारे नट होते मायकेल रेडग्रेव्ह, आणि ती मुलगी म्हणजे व्हनेसा रेडग्रेव्ह. भविष्य खरे ठरले, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्याआधी काही महिने, ९ मे १९३६ रोजी, मर्सी नदीच्या काठी लिव्हरपूलच्या समोर असलेल्या बर्कनहेड या गोदीकामगारांच्या गावी हॅरी आणि जोन जॅक्सन यांना पहिली मुलगी झाली. वडील बांधकामावर विटा रचणारे. आई कधी दुकानात, कधी पबमध्ये, कधी लोकांच्या घरी साफसफाईला जाणारी. मुलीचे नाव ठेवले ते हॉलिवूडच्या ग्लेंडा फॅरेल या नटीवरून. नाटक-सिनेमाशी या घराचा संबंध म्हणाल तर एवढाच. तिच्या पाठीवर आणखी तीन मुली झाल्या.

१९७१ सालच्या 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' या चित्रपटात या दोघी समोरासमोर आल्या. रेडग्रेव्ह झाल्या स्कॉटलंडची राणी मेरी आणि जॅक्सन झाल्या इंग्लंडची राणी एलिझाबेथ. इतिहासात या दोन राण्यांची भेट कधीच झाली नव्हती. चित्रपटाने ती घडवून आणली. पडद्याबाहेरही या दोघींची भेट सहजासहजी होण्यासारखी नव्हती, आणि ती कशी घडली हा माझ्या दृष्टीने चित्रपटापेक्षा मोठा प्रश्न आहे. व्हनेसाबाईंच्या गुणवत्तेविषयी इथे कसलाच किंतु नाही. नटाच्या घरात जन्मलेल्या मुलीला आपली गुणवत्ता अजमावून पाहायला हवा तितका अवकाश मिळतो, एवढेच म्हणायचे आहे. गवंड्याच्या मुलीला तो कोणी द्यायचा?

१९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. या कायद्यामुळे होयलेकसारख्या किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली, बेताच्या घरातली मुलगी वेस्ट कर्बीच्या मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या माध्यमिक शाळेत, जाऊ शकली. तिथे तिचे काही चमकदार झाले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती बूट्स या औषधविक्री साखळीच्या होयलेकमधल्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहिली. दोन वर्षे हेच चालले. संध्याकाळी हौशी नाटकमंडळींत कामे करायची, दिवसा बाटल्या विकायच्या. १९५४ साली तिला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टची, म्हणजे राडाची, शिष्यवृत्ती मिळाली. ती नसती तर लंडनला राहून नाट्यशिक्षण घेण्याचा विचारही त्या घराला परवडला नसता.

सार्वजनिक व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांकडून येथे एक लबाडी होते, ती मला टाळायची आहे. सरकारी शाळेने मुलीतली प्रतिभा हेरली, संस्थेने तिच्यातला हिरा ओळखला, असे काहीही झालेले नाही. शाळेने तिला जवळपास नापासांतच काढले. राडाचे तेव्हाचे प्राचार्य जॉन फर्नाल्ड यांनी शिक्षण संपताना तिला सांगितले, की तुझा पिंड चरित्र अभिनेत्रीचा आहे, चाळिशीपर्यंत फारसे काम मिळण्याची आशा धरू नकोस. पस्तिशी गाठण्याच्या आत या बाईंच्या नावावर ऑस्कर लागले. म्हणजे अंदाज सर्वांचेच चुकले. पण मला वाटते, सार्वजनिक पैशाच्या बाजूने खरा युक्तिवाद यातूनच निघतो. कोणात काय दडले आहे हे अठराव्या वर्षी कोणालाच कळत नाही. शिक्षकाला नाही, परीक्षकाला नाही, आणि पुष्कळदा ज्याचे त्याला तर मुळीच नाही. खासगी पैसा सिद्ध झालेल्या गुणवत्तेच्या मागे धावतो, कारण त्याला परतावा हवा असतो. ज्यांची गुणवत्ता अजून सिद्ध व्हायची आहे अशा कित्येकांना दार उघडे ठेवून, त्यांतले बहुतेक वाया जातील हे धरूनच पैसा घालणे, हे काम फक्त सार्वजनिक पैसाच करू शकतो.

१९५७ साली वर्दिंग येथे त्यांचे व्यावसायिक रंगमंचावर पदार्पण झाले, आणि मग फर्नाल्ड यांचे भाकीत खरे ठरते की काय, असे वाटावे अशी वर्षे आली. गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांत, जिथे आठवड्या-पंधरवड्याला नवे नाटक उभे करावे लागे, तिथे मिळेल ती भूमिका करायची, वेळ पडली तर रंगमंच व्यवस्था सांभाळायची, आणि तेही नसले की लंडनला येऊन हॉटेलात वेट्रेस किंवा कचेरीत कारकून व्हायचे. दोन-अडीच वर्षांचा एक काळ तर असा गेला की नाटकाचे काम मिळालेच नाही. या काळात त्यांना कोणी पोसले नाही, हे कबूल केले पाहिजे. इथे जी टिकली ती त्यांची स्वतःची चिकाटी. जिद्दीच्या कथेला तिचा वाटा द्यायचा तो या पाच-सहा वर्षांचा.

त्या बाहेर पडल्या त्या १९६४ साली. पीटर हॉल यांनी १९६१ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीची उभारणी केली, तीच मुळी कायम पगारावरचा नटसंच आणि सरकारी अनुदान या दोन पायांवर. त्या कंपनीत दिग्दर्शक पीटर ब्रुक यांना चार्ल्स मॅरोविट्झ यांच्यासह एक विचित्र प्रकल्प करायला मुभा मिळाली. निवडक नटांचा गट घ्यायचा, तयार नाटक हातात न घेता त्यांच्याकडून आवाजाचे, शरीराचे, मौनाचे प्रयोग करून घ्यायचे आणि त्यातून जे निघेल ते छोट्या नाट्यगृहात थोड्या लोकांना दाखवायचे. 'क्रौर्याची रंगभूमी' या नावाने तो हंगाम प्रसिद्ध आहे. त्यात जॅक्सन यांचा एक प्रवेश असा होता: ब्रिटिश मंत्र्याच्या लफड्याच्या प्रोफ्यूमो प्रकरणातली क्रिस्टीन कीलर म्हणून त्या उभ्या असत, न्यायालयातल्या वृत्तांताचे शब्द चालू असताना त्यांचे कपडे उतरवले जात, त्यांना न्हाणीच्या टबात घालून अंघोळ घातली जाई आणि कैद्याचा पोशाख चढवला जाई; मग तोच टब शवपेटी होई आणि तीच अभिनेत्री शवपेटीमागे चालणारी जॅकलिन केनेडी होई. लोकांच्या नजरेने विवस्त्र केलेली एक स्त्री आणि लोकांच्या नजरेने देवीपदाला नेलेली दुसरी, दोन्ही एकाच देहात. तिकीट खिडकीकडे पाहून काम करणारा कोणता निर्माता हे करू देईल? पडद्यामागे आठवडेच्या आठवडे सराव, नटांना त्या काळाचा पगार, आणि अखेरीस विकण्याजोगे नाटक हाती लागेल याची हमी नाही.

पण त्या सरावातूनच त्याच वर्षी 'मारा/साद' उभे राहिले. पेटर वाइस यांच्या त्या नाटकात वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण, तिथेच कोंडलेला लेखक साद याच्या दिग्दर्शनाखाली, फ्रेंच क्रांतीतल्या मारा याच्या खुनाचे नाटक करतात. जॅक्सन झाल्या झोपाळू, तोल जाणारी, आपण कोणाचा खून करायला निघालो आहोत हेही विसरणारी शार्लोट कोर्दे. सादला फटके मारण्याचा प्रवेश ब्रुक यांनी चाबकाशिवाय बसवला. जॅक्सन मान झटकून आपले लांब केस सादच्या उघड्या पाठीवर फिरवत, आणि प्रत्येक फटक्याला इतर नट तोंडाने वाऱ्याचा सूत्कार काढत. नाटक लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहातून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेले, मग त्याचा चित्रपट झाला, आणि रंगभूमीच्या टोनी पुरस्काराच्या आपल्या पहिल्या नामांकनासह ही अभिनेत्री जगाला ठाऊक झाली. त्या वेळी त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. या साऱ्याचा खर्च कोणत्या रकान्यात गेला असेल याची मी अनेकदा कल्पना करतो. 'निष्पत्ती अनिश्चित' अशा एखाद्या शेऱ्यासह तो कुठल्या तरी वहीत नोंदला गेला असेल.

पुढचे वेगाने सांगता येते, कारण यश मिळाल्यावर बाजार आपले काम चोख करतो. केन रसेल यांच्या 'विमेन इन लव्ह' मधल्या गुड्रनसाठी पहिले ऑस्कर, मेल्विन फ्रँक यांच्या 'अ टच ऑफ क्लास' या हलक्याफुलक्या चित्रपटासाठी दुसरे. दोन्ही वेळा त्या समारंभाला गेल्या नाहीत. बाहुल्या आईकडे ठेवल्या, आणि आईने त्या घासूनपुसून इतक्या लख्ख केल्या की वरचा सोनेरी मुलामाच निघून गेला, असे त्या सांगत. मात्र माझ्या मते त्यांचे त्या काळातले सर्वांत मोठे काम हॉलिवूडचे नव्हे. १९७१ साली बीबीसीने 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका केली. प्रत्येक भाग जवळजवळ दीड तासाचा, म्हणजे सहा स्वतंत्र नाटकेच. त्यासाठी जॅक्सन यांनी डोक्याच्या पुढच्या भागावरचे केस काढले आणि कोवळ्या, घाबरलेल्या राजकन्येपासून पांढऱ्या लेपाखाली चेहरा हरवलेल्या, उभ्यानेच मरण टाळणाऱ्या वृद्ध राणीपर्यंतचा प्रवास केला. घरोघरी भरल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून झालेले हे काम बर्कनहेडमधल्या घरातही तितकेच दिसले जितके बकिंगहॅम राजवाड्याच्या परिसरात. लंडनच्या वेस्ट एंडमधील महागड्या खुर्चीवर बसण्याची ज्यांची ऐपत नव्हती त्यांना त्या काळातली सर्वोत्तम अभिनेत्री ऐन भरात पाहता आली.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की याच काळात लंडनच्या मासळी बाजारातल्या हमालाचा मुलगा मायकेल केन जगप्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मागे ना राडा होती ना रॉयल शेक्सपिअर कंपनी. बाजारानेही गरिबाघरची माणसे वर आणली, हे खरे आहे. पण साठीच्या दशकात ब्रिटिश रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या सगळ्यांनाच एकाएकी कामगारवर्गाचा चेहरा आणि बोली का हवीशी झाली, याचा विचार केला तर युद्धोत्तर शिक्षणाचा, अनुदानित रंगभूमीचा आणि सार्वजनिक प्रसारणाचा त्यात मोठा वाटा दिसतो. केन यांनीही तरुणपणी वर्षानुवर्षे रेपर्टरीतच घासले होते. बाजार पिकलेले फळ उत्तम ओळखतो. झाड लावण्याचे काम त्याने कधी मनावर घेतलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड जाते. बस कंडक्टरच्या करातून अनुदान मिळते आणि त्या अनुदानावर स्वस्त झालेल्या खुर्चीत प्राध्यापक बसतो. मग ही गरिबाकडून श्रीमंताकडे दिलेली देणगीच नव्हे का? जेव्हा अनुदानाचा पैसा राजधानीतल्या दोन-चार भव्य इमारतींत आणि त्यांच्या दुरुस्तीत जिरतो, तेव्हा हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. सरकारी अनुदान वाटणाऱ्या इंग्लंडच्या कला परिषदेवर लंडनला झुकते माप दिल्याचा आरोप वर्षानुवर्षे होतो, आणि त्यात तथ्य आहे. पण म्हणून अनुदानच थांबवायचे, हा निष्कर्ष उलटा आहे. प्रेक्षकाच्या खुर्चीवर खर्च करण्यापेक्षा रंगमंचावर कोण उभे राहणार यावर खर्च करा, असे त्यातून निघायला हवे. कंडक्टरच्या मुलीला नाट्यशाळेत जाता आले, तर कंडक्टरचा कर कुठे गेला हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

१९९२ साली ५५ वर्षांच्या जॅक्सन यांनी अभिनय सोडला आणि हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडणूक लढवली. नटनट्या राजकारणात येणे ही आपल्याकडे नवलाई नाही. राज्यसभेत कला-साहित्य-विज्ञान-समाजसेवेसाठी राष्ट्रपतींनी नेमायच्या १२ जागा आहेतच, आणि प्रचाराच्या व्यासपीठावर हात हलवण्यापुरते बोलावणे तर दर निवडणुकीत येते. जॅक्सन यांनी निवडलेली वाट निराळी होती. जागा हुजूर पक्षाकडे होती, समोर उमेदवार होते ऑलिव्हर लेटविन, देशभरात हुजूर पक्ष लागोपाठ चौथ्यांदा जिंकला, आणि या बाई १,४४० मतांनी निवडून आल्या. त्यानंतर तेवीस वर्षे त्यांनी एकाही नाटकात वा चित्रपटात काम केले नाही. घरांच्या तक्रारी, इमिग्रेशनचे कागद, रुग्णालयाची पत्रे, हे खासदाराचे कंटाळवाणे काम त्यांनी पूर्णवेळ केले. व्हनेसा रेडग्रेव्हही सत्तरच्या दशकात एका कट्टर डाव्या पक्षातर्फे निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. पण ते निषेधाचे राजकारण होते, निवडून येण्याचे नव्हते.

त्यांच्या राजकीय कामगिरीविषयी मी भारावून लिहिणार नाही. १९९७ साली टोनी ब्लेअर यांनी त्यांना वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री केले आणि लंडनची वाहतूक त्यांच्याकडे दिली. तिथे त्यांनी काही मोठे घडवले असे म्हणता येत नाही. उलट ज्या खात्यात त्या होत्या त्याच खात्याने १९९८ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत खासगी भांडवल आणण्याची योजना मांडली, जी पुढे फसली. १९९९ साली लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले आणि उमेदवारी मिळाली नाही. मागच्या बाकांवर परतल्यावर मात्र त्यांचा आवाज मोकळा झाला. इराक युद्धावरून त्यांनी आपल्याच पंतप्रधानांचा राजीनामा मागितला. विद्यापीठांच्या वाढीव शुल्काच्या योजनेवरही त्यांनी सातत्याने टीका केली. ते विधेयक २००४ सालच्या जानेवारीत दुसऱ्या वाचनात अवघ्या ५ मतांच्या फरकाने तरले. ज्या बाईला लंडनपर्यंत शिष्यवृत्तीने आणले तिने शुल्कवाढीविरुद्ध बोलावे, यात भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. २०१० साली मतदारसंघाची फेररचना झाल्यावर त्या ४२ मतांनी वाचल्या.

१० एप्रिल २०१३ या दिवसाचे त्यांचे भाषण आजही समाजमाध्यमांवर फिरत असते. मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर श्रद्धांजलीसाठी संसदेची खास बैठक बोलावली होती. मजूर पक्षाचे बरेच सदस्य गैरहजर राहण्याचा सोयीचा मार्ग पत्करून घरी थांबले. जॅक्सन उभ्या राहिल्या आणि थॅचर काळातल्या देशाचे आणि आपल्या मतदारसंघाचे वर्णन करू लागल्या. दुकानांच्या दारांत रात्री झोपणारी माणसे, ज्यांची तीच बैठकीची खोली, तीच शेजघर आणि तीच न्हाणी. भिंतींचे पोपडे मुलांच्या चित्रांनी झाकलेल्या शाळा. रिकामी फडताळे असलेली शाळांची वाचनालये. मला लहानपणी जे दुर्गुण म्हणून शिकवले गेले ते या राजवटीत सद्गुण ठरले, असे त्या म्हणाल्या; लोभ, स्वार्थ, दुबळ्याकडे पाठ. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, त्यांना थांबवण्याची मागणी झाली, सभापती जॉन बर्को यांनी भाषण नियमांना धरून असल्याचा निर्णय दिला. मृत व्यक्तीविषयी त्या दिवशी असे बोलावे का, यावर दुमत होऊ शकते. आपल्याकडच्या संस्कारांना ते रुचणार नाही, आणि मलाही त्यातले शेवटचे वाक्य, थॅचर यांच्या स्त्रीत्वावरचे, टाळता आले असते असे वाटते. पण त्या भाषणातल्या यादीकडे नीट पाहिले तर ती शाळा, वाचनालय, इस्पितळ, डोक्यावर छप्पर अशी आहे. ज्या वस्तूंनी त्यांना घडवले होते त्यांचीच ती मोजदाद होती. त्या भाषणात प्रशिक्षित आवाजाचा उपयोग नक्कीच झाला. गोंगाटातही एक शब्द सांडला नाही. अभिनय मात्र त्यात नव्हता.

२०१५ साली त्या संसदेतून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर, दिग्दर्शिका डेबोरा वॉर्नर यांच्या हाताखाली, लिअर म्हणून उभ्या राहिल्या. वय ८०. एक तर पुरुषाची भूमिका, त्यात शेक्सपिअरची सर्वांत दमछाक करणारी, आणि पाठीशी पंचवीस वर्षांची गैरहजेरी. वादळाच्या प्रवेशात लिअर डोक्यावर छप्पर नसलेल्या उघड्यावाघड्या दरिद्री माणसांना उद्देशून बोलतो आणि सिंहासनावर असताना आपण यांची फारच कमी काळजी घेतली, अशी कबुली देतो. दुकानाच्या दारात झोपणाऱ्यांविषयी संसदेत बोललेल्या बाईच्या तोंडी हे शब्द आले तेव्हा त्यांत वेगळे रंग भरण्याची गरजच उरली नव्हती. त्यानंतर ब्रॉडवेवर 'थ्री टॉल विमेन' साठी टोनी पुरस्कार, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेच्या भूमिकेतला 'एलिझाबेथ इज मिसिंग' हा बीबीसीचा चित्रपट आणि त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार, आणि अखेरीस मायकेल केन यांच्याबरोबरचा 'द ग्रेट एस्केपर', जो त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला. गवंड्याची मुलगी आणि हमालाचा मुलगा, दोघेही त्या पडद्यावर एकत्र, आणि त्यांच्या पिढीनंतर असे जोडपे दुर्मिळ होत चालले आहे.

तसे ते का होत आहे, यात गूढ काही नाही. नाट्यशाळांसाठी स्थानिक परिषदा जी ऐच्छिक अनुदाने देत ती नव्वदच्या दशकापर्यंत आटत गेली. विद्यापीठीय शुल्क १९९८ साली वर्षाला १,००० पौंडांवर सुरू झाले आणि २०१२ साली कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. लंडनमधले राहणे-खाणे वेगळेच. २०१० साली सरकारने इंग्लंडच्या कला परिषदेचे अनुदान जवळपास ३० टक्क्यांनी कापले. गावोगावचे पगारी नटसंच तर त्याआधीच मोडले होते. दुसरीकडे ईटनसारख्या खासगी शाळेत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र, सुसज्ज नाट्यगृह आहे, आणि एडी रेडमेन, टॉम हिडल्स्टन, डेमियन लुईस हे तिघेही त्या एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. ते गुणी नट आहेत, त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. ज्युली वॉल्टर्स यांनी तर जाहीरपणे सांगितले आहे की, आपल्याला पूर्ण अनुदान मिळाले म्हणून आपण नटी झालो, आजच्या परिस्थितीत आपल्यासारख्या मुलीला ते जमले नसते. बर्कनहेडमध्ये ग्लेंडा जॅक्सन यांचे नाव दिलेले एक नाट्यगृह होते. तेही त्यांच्या हयातीतच पाडले गेले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. राज्य नाट्य स्पर्धा आणि कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा यांनी गिरणीतल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या माणसांना रंगमंच दिला. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. स्पर्धेच्या दौऱ्याचा खर्च वेळेवर मिळत नाही, नाट्यगृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद आहे, अशा बातम्या आपण करमणुकीच्या पानावर वाचून सोडून देतो. खरे तर त्या शिक्षणाच्या पानावर यायला हव्यात.

ब्रिटनपुरते बोलायचे तर मागणी मोठी नाही आणि नवीही नाही. नाट्यशाळेची निवड चाचणी जी उत्तीर्ण होईल तिच्या शुल्काची आणि पोटापाण्याची सोय राज्याने करावी, कर्जाच्या स्वरूपात नव्हे. प्रत्येक प्रदेशात किमान एक नटसंच वर्षभराच्या पगारावर असावा आणि त्याच्या अनुदानाचा ठरावीक हिस्सा असा असावा की ज्यावर तिकीट विक्रीचे उत्तर मागितले जाणार नाही. यातून शंभरातले नव्वद जण सामान्य नट होतील, काही नाटक सोडून दुसरीकडे जातील, आणि लेखापरीक्षकाला तो अपव्यय दिसेल. १९५४ साली बूट्सच्या गल्ल्यावरून उठून आलेल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलीवर झालेला खर्चही त्याच रकान्यात बसला असता, आणि पुढची दहा वर्षे तो तिथून हलवण्याजोगा कोणताच पुरावा कोणाच्या हाती आला नसता.